करडी आणि नारिंगी

चार वर्षं खपून माझ्या भाऊजींनी आगगाडीचं पितळेचं इंजिन केलं, तळहातावर मावेल एवढं. भाऊजी घड्याळजी. शेवटचा रिव्हेट बसला आणि दोन महिन्यांत त्यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहणार. म्हणजे दुसरं इंजिन काही होणार नव्हतं, हे भाऊजींना कळलं, ताईला कळलं आणि मलाही.

राहिला होता फक्त डिकोडर. ही नखाएवढी चकती. रुळांतून वीज येते आणि तिच्याबरोबर हुकूमही येतो. डिकोडर आपल्या इंजिनाचा नंबर ओळखतो आणि मोटरला सांगतो, चल किंवा थांब. केसाएवढ्या वायरी जोडायच्या, थरथरत्या हातांचं ते काम नाही. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. इंजिन मऊ फडक्यात गुंडाळून भाऊजी स्वतः घेऊन आले.

"मेव्हण्या, तुझ्यावर सोपवतोय," ते म्हणाले. "देवाने मला दुसरा मेव्हणा दिला नाही, म्हणून."

"एवढी स्तुती नका करू, चढते मला."

काम मी चोख केलं. पितळेचं इंजिन म्हणजे सगळं अंगच वीज वाहतं. मोटर त्याला कुठेही चिकटून राहिली की डिकोडर जळालाच समजा. सुटं करून, कागद लावून, मीटरने चार वेळा तपासलं. लाल-काळी वायर रुळांची, पांढरी-पिवळी दिव्यांची, सगळी जागच्या जागी. राहिल्या नारिंगी आणि करडी, मोटरच्या दोन. आणि तिथे माझ्यातला किडा वळवळला.

या दोघी उलट जोडल्या की काही जळत नाही, काही बिघडत नाही. फक्त 'पुढे' म्हटलं की इंजिन मागे जातं, तेही पुढचा दिवा लावून.

मी एकदा भाऊजींच्या दुकानातली चाळीस घड्याळं एकेक मिनिटाच्या फरकाने लावली होती. बाराचे ठोके चाळीस मिनिटं पडत होते. भाऊजी दोन महिने बोलले नाहीत, पण ताई म्हणते, एकटे असले की हसायचे. तर मित्रांसमोर भाषण ठोकून त्यांनी बटण फिरवावं आणि इंजिनाने रुसून पाठ दाखवत मागे जावं, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी वायरी उलट लावल्या. इंजिन आधी चालवून बघणार नाही, पहिली धाव सगळ्यांसमोरच, असा त्यांचा हट्ट होता. माझ्या पथ्यावरच पडलं.

रविवारी दुपारी मी शीळ घालत गेलो.

त्यांच्या मागच्या खोलीत चारही भिंतींना लागून छातीइतक्या उंचीची फळी आहे. तिच्यावर रूळ, बोगदे, स्टेशन. दाराशी फळी तुटते, तिथे बिजागरीवरचा एक तुकडा खाली पाडला की वर्तुळ पुरं होतं. माझ्या हिशोबाने इंजिन मागे गेलं असतं, त्या तुकड्यावरून सरकून भिंतीकडे वळलं असतं आणि सगळे पोट धरून हसले असते.

मी दारातून आत शिरलो आणि शीळ ओठांवरच थांबली. तुकडाच नव्हता.

"सकाळी बिजागरी निघाली," ताई म्हणाली. "सुतार घेऊन गेला. हे म्हणाले, असू दे, पूर्ण फेरी नको. या टोकापासून निघायचं आणि फिरून त्या टोकाला थांबायचं."

या टोकापासून. इंजिन दाराशी उभं होतं, तोंड स्टेशनाकडे, पाठ रिकाम्या जागेकडे. पाठीमागे रूळ असतील हातभर. त्यापुढे हवा, आणि छातीएवढं खाली फरशी.



पहिला उपाय मी हळूच केला. खिशातलं खोडरबर काढून टोकाशी रुळांच्या मधोमध ठेवलं. भाऊजींनी पाहिलंच.

"हे काय लावतोयस? फटाका?"

"खोडरबर आहे, भाऊजी."

"तुझं खोडरबरसुद्धा वाजतं." ते त्यांनी उचलून लांब टाकलं. मंडळी हसली. आठ-दहा जण होते, सगळे याच नादाचे. एक निवृत्त पोस्टमास्तर तर मला बघून खुर्ची तपासून बसले.

मग मी खरं बोललो. माझ्यासारख्याला ते किती जड जातं, मलाच माहीत. भाऊजींच्या कानाशी जाऊन म्हणालो, "इंजिन उलटं जाईल. मोटरच्या वायरी मी मुद्दाम फिरवल्यात."

भाऊजी सगळ्यांकडे वळले. "ऐकलंत? म्हणे उलटं जाणार. म्हणजे मी घाबरून थांबायचं, झाकण उघडायचं, आणि आत याने काय ठेवलं असेल ते बघायचं. नाही का?"

"बेडूक!" पोस्टमास्तर म्हणाले.

"ताईची शप्पथ, भाऊजी!"

"माझी कशाला?" ताई चहाचा ट्रे घेऊन आत आली. "तुझी घे ना स्वतःची. हो तिकडे, सांडेल."

ट्रेला वाट देता देता मी लोटला गेलो ते थेट समोरच्या भिंतीपाशी, खिडकीजवळ. माझ्या आणि इंजिनाच्या मधे दहा माणसं, दहा पाठी. भाऊजींचं भाषण सुरू झालं. पितळ कुठून आणलं, चाकं कशी कातली. मी मनात म्हणत होतो, बोला, संध्याकाळपर्यंत बोला. पण ते घड्याळजी. वेळेवर संपवतात.

"तर, पुढे," ते म्हणाले आणि बटणाकडे हात नेला. हात थरथरत होता.

दिवा लागला. सगळे "वा" म्हणाले. इंजिन हललं, गोगलगाईसारखं, डौलात, मागे.

"अरे, हे तर..." कोणीतरी म्हणालं. भाऊजी बटणाकडे बघत राहिले. बोटं त्यांच्या ताब्यात येईनात. बंद करायला गेले आणि बटण आणखी फिरलं. इंजिनाने वेग घेतला. ताईच्या हातात ट्रे.

मी पोचणं शक्य नव्हतं. पण रूळ माझ्या पुढ्यातही होते, तेच रूळ, तीच वीज. खिशातून दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि दोन्ही रुळांवर आडवा आपटला.

टीं! शॉर्ट सर्किट. बटणाचा कंट्रोलर किंचाळला, लाल झाला, सगळी वीज गेली. इंजिन थांबलं. त्याची मागची चाकं टोकापासून बोटभर अंतरावर होती.

कोणी हसलं नाही. भाऊजींनी दोन्ही हातांनी इंजिन उचललं, छातीशी धरलं. मग इतक्या लांबून माझ्याकडे पाहिलं.

"खरं होतं?"

"हो."

"आणि तुकडा नाहीये हे?"

"ते इथे आल्यावर कळलं. आईशप्पथ."

"ड्रॉवरमध्ये सोल्डर आहे," ते म्हणाले. "ये."

"भाऊजी, कंट्रोलरवरून एक सेटिंग बदललं की दिशा..."

"आणि दिवे? पुढे जाताना मागचा लागेल. मला वेडा समजू नकोस. वायरी सरळ कर. आत्ता. सगळ्यांसमोर."

झाकण काढलं, बेडूक नव्हता. करडी वायर चिमट्यात धरली आणि माझा हात थरथरायला लागला. रोज शंभर टाके लावणारा हात! टोक कुठे, वायर कुठे. माझ्या कपाळाचा घाम टेबलावर पडला.

"मनगट टेकव," भाऊजी माझ्या कानाशी म्हणाले. आवाजात राग होता, पण खालचा. "तसं नाही, काठावर. श्वास पूर्ण सोड. आता घेऊ नकोस. लाव."

टाका बसला. दुसरा बसला.

भाऊजींनी रुळांवरचा माझा किल्ल्यांचा जुडगा उचलून स्वतःच्या खिशात टाकला आणि इंजिन पुन्हा रुळांवर ठेवलं. या वेळी ताई ट्रे ठेवून टोकाशी दोन्ही हात पसरून उभी राहिली. भाऊजींनी बटण फिरवलं आणि ते गेलं, पुढे, दिवा लावून, स्टेशन मागे टाकून, बोगद्यातून. पलीकडच्या टोकाला गेल्यावर कुठे मी श्वास घेतला. टाळ्या पडल्या. भाऊजी चष्मा पुसायला लागले, मग बराच वेळ पुसतच राहिले.

मंडळी गेल्यावर मी म्हणालो, "किल्ल्या देता का? निघतो."

त्यांनी जुडगा इंजिनामागच्या उघड्या डब्यात ठेवला, खाली फडकं घालून, आणि मला खिडकीशी उभं केलं. गाडी आली. मी हात पुढे केला, गाडी वीतभर मागे गेली. मी हात खाली घेतला, ती पुढे आली. पुन्हा हात, पुन्हा मागे.

"भाऊजी, दुकान उघडायचंय हो."

"चाळीस मिनिटं थांब," ते म्हणाले. हात थरथरत होता, पण बटणावरून हटला नाही.