निळ्या पेन्सिलीचा आकडा

वन्सं ज्या खोलीत बसून काम करायच्या, त्या खोलीत मी आयुष्यात एकदाच गेले, लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात. पण अजूनही दुपारी डोळा लागता लागता मी तिथे जाऊन येते. चारी भिंतींना आवाज गिळणारं जाड करडं फेल्टचं कापड, खाली गालिचा. किल्ल्या दाराबाहेर ठेवायच्या, चपला बाहेर काढायच्या, आणि पोट गुरगुरत असेल तर माणसाने स्वतःच बाहेर थांबायचं. दार लागलं की इतकी शांतता की आपलंच रक्त कानात फिरताना ऐकू यायचं. मधोमध एक टेबल, एक स्टूल, आणि स्टुलावर माझी थोरली नणंद डोळे मिटून बसलेली.

कारखाना रेडिओंचा होता आणि वन्सं तिथे रेडिओ ऐकायच्या. तुम्ही-आम्ही ऐकतो तसा नव्हे. जोडून तयार झालेला प्रत्येक रेडिओ त्यांच्या पुढ्यात यायचा. त्यातून आधी एक लांबच लांब सूर वाजवायचा, मग एका बाईच्या आवाजात एक ते दहा आकडे, मग तेच आकडे कुजबुजत. तो लांब सूर वन्सं स्वतःही बारीक आवाजात गुणगुणायच्या आणि पेटी आपल्याला साथ देते की कुरकुरते ते बघायच्या. पास झाला की मागच्या झाकणावर, आतल्या बाजूने, निळ्या पेन्सिलीने आकडा घालायचा. नोकरीच्या पहिल्या दिवशी एकपासून सुरुवात केली, आणि तोच आकडा बावीस वर्षं पुढे चालू होता. नापास झालेल्याला आकडा नाही. कारखान्यात त्यांना नावाने कोणी ओळखत नसे, सगळे ‘कान’ म्हणत. ‘आज कान रजेवर आहे’ म्हटलं की थोरले मालकसुद्धा माल बाहेर पाठवत नसत.

आमच्या लग्नात त्यांनी आम्हाला रेडिओ दिला होता. लाकडी पेटी, पुढे बिस्किटी रंगाचं जाळीदार कापड, बाजूला दोन गुबगुबीत बटणं. तेव्हा असा रेडिओ घ्यायचा तर दीड महिन्याचा पगार जायचा. आमच्या ह्यांनी झाकण उघडून मला आकडा दाखवला होता : बहात्तर हजार चारशे नऊ. मी शिवणकाम करते. तो रेडिओ ऐकत मी किती कपडे शिवले असतील देव जाणे. मशीन थांबवावी, धागा तोडावा, आणि त्यातून येणाऱ्या आवाजात जरा वेळ बुडून जावं. कधी कधी हातात सुई तशीच राहायची आणि दुपार सरून जायची.

मग रेडिओ स्वस्त व्हायला लागले. आधी बाजारात एक नवी कंपनी आली, मग चार, मग इतक्या की दुकानदारालाच त्यांची नावं आठवेनात. पातळ खोक्यात, हाताच्या पंजाएवढे, लाल-पिवळे रेडिओ. किंमत बघावी तर चपलांच्या जोडाएवढी, आणि पुढच्या महिन्यात तीही उतरलेली. वन्संच्या कारखान्यालाही भाव उतरवावे लागले. दर वेळी भाव उतरला की कारखान्यातून काहीतरी जायचं. पहिल्यांदा लाकडाची पेटी गेली, प्लास्टिक आलं. मग जाळीचं कापड गेलं. मग वन्संपुढे रेडिओ आणून ठेवणारी बाई गेली, आणि चौथ्या खेपेला खोलीतला गालिचा. तो कुठे गेला म्हणून वन्संनी विचारलं तर म्हणे धाकट्या मालकांच्या गाडीत आहे.

“येतील सगळे परत,” वन्सं म्हणायच्या. “चार दिवसांची हौस आहे ती. लोकांना कान आहेत.”

हे वाक्य त्या इतक्या शांतपणे म्हणायच्या की मलाही खरं वाटायचं.

आणि त्याच सुमारास आमचा रेडिओ बंद पडला. भर दुपारी, गाण्याच्या मध्येच. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि म्हणाला, “ताई, याचे पार्ट आता कारखान्यातच मिळत नाहीत. कुठून जमवले तरी नव्यापेक्षा महाग पडेल.” असं म्हणून त्याने मागच्या फळीवरून एक लाल रेडिओ काढून माझ्या हातात दिला. वजन नव्हतंच त्याला. मी जरा वेळ तो तसाच तळहातावर धरून उभी राहिले, मग पिशवीत टाकला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. इतकं साधं आहे तर, असं वाटलं.

पण वन्संना सांगायला तोंड नव्हतं. वन्सं दर रविवारी जेवायला यायच्या. मग आमच्या ह्यांनी शक्कल लढवली. जुन्या पेटीतलं सगळं आतडं काढून टाकलं. एरवी लाल रेडिओ माझ्या मशीनशेजारी उघड्यावर. रविवारी सकाळी तो पेटीत सरकवायचा, वर झाकण लावायचं आणि पेटी तिच्या जुन्या जागी, कपाटावर.

“लावायला सांगितलंच तर?” मी विचारलं.

“म्हणून तर आत ठेवतोय. नुसती रिकामी पेटी ठेवायला मी काय वेडा आहे?”

पण त्यांनी कधी लावायला सांगितलं नाही. सुट्टीच्या दिवशी कानांनाही सुट्टी, असा त्यांचा नियम. जेवण झालं की सतरंजीवर आडव्या व्हायच्या, मी शेजारी पडायचे, आणि पडद्यातून येणारं ऊन भिंतीवर हळूहळू सरकताना बघत आम्ही दोघी काहीबाही बोलत राहायचो. अशा सहा महिन्यांच्या दुपारी गेल्या. मला तर कधी कधी वाटायचं, पेटीतला रेडिओ जुनाच आहे आणि लाल रेडिओ हे मला पडलेलं स्वप्न आहे.

एका रविवारी त्या नेहमीपेक्षा उशिरा आल्या. ताटावरून उठताना म्हणाल्या, “धाकट्या मालकांना खोली बंद करायचीय. पाचव्यांदा भाव उतरवायचाय ना. उद्या दहाला मीटिंग आहे. मला म्हणाले, तुम्हीच सांगा, ऐकणाऱ्या माणसाची गरज आहे की नाही. तुम्ही म्हणाल ते.”

“मग सांग ना खणखणीत,” हे म्हणाले. “घाबरतेस काय, ताई?”

“घाबरत नाही. सांगणारच आहे.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अगं, तो रेडिओ लाव जरा. आपला जुना आवाज कानात घेऊन जाते उद्यासाठी.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी पडद्याकडे बघितलं. शेवटी तेच उठले आणि झाकणाच्या फटीतून बोट घालून रेडिओ लावला. कोणीतरी बासरी वाजवत होतं. वन्संनी डोळे मिटले. त्या बारीक गुणगुणायला लागल्या, आणि लाकूड त्यांच्या सुराला साथ द्यायला लागलं. खोलीभर तो आवाज इतका भरून राहिला की मला दारातल्या किल्ल्या आठवल्या, करड्या भिंती आठवल्या, आणि क्षणभर भीतीसुद्धा विसरायला झालं.

बासरी संपली. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“हा आपला नाही,” त्या म्हणाल्या.

मग काय, सगळं बाहेर पडलं. बंद पडणं, दुरुस्तीवाला, रविवारची लपवाछपवी. मी बोलत होते आणि हे मान खाली घालून नखं बघत होते. वन्सं रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, पेटी खाली घेतली, झाकण उघडलं. आत लाल रेडिओ एका कोपऱ्याला टेकून बसला होता. आपल्या त्या जुन्या आकड्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग पिशवीतून निळी पेन्सिल काढली आणि त्याच्या खाली दुसरा आकडा घातला. एक लाख शहाण्णव हजार सत्तावीस.

“वन्सं, अहो, हे काय?”

“पास आहे,” त्या म्हणाल्या. “खोट नाही त्यात. मला काय ऐकू आलं ते मी लिहिणार. बावीस वर्षं तेच केलंय.” आणि चपला घालून गेल्या.

दुपारभर मी मशीनपुढे बसून होते, एक टाका घातला नाही. हे फिरायला गेले. संध्याकाळी दिवा लावायला उठले तेव्हा वन्संना काय ऐकू आलं ते बघावं म्हणून लाल रेडिओ पेटीतून बाहेर काढला आणि नेहमीच्या जागी ठेवून लावला. ऐकते तर काय, आवाजाला खालचं काही नव्हतंच. नुसतं वरवरचं, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. पुन्हा पेटीत ठेवला. आवाज भरला. पुन्हा काढला, पुन्हा पातळ. मी सात-आठ वेळा आत-बाहेर केलं असेल. पास झालं होतं ते लाकूड! त्यांच्याच कारखान्याचं, त्यांनीच पास केलेलं. आणि त्या उद्या दहाला जाऊन सांगणार की स्वस्तातल्या रेडिओत खोट नाही. आमच्या लबाडीपायी.

सकाळी नऊलाच मी कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. लाल रेडिओ पिशवीत होता. वन्सं आल्या, नेहमीसारख्या रबरी चपलांत, पाऊल न वाजवता. मला बघून थांबल्या.

“वन्सं, तो तुम्ही पेटीतून ऐकलात,” मी एका दमात बोलले. “तो आवाज आपल्या लाकडाचा होता. याचा नुसता ऐका, काही दम नाही याच्यात. तुम्ही आत काही बोलायच्या आधी…”

“अगं वेडे,” त्या हसल्या. “लाकूड मला कळणार नाही? आकडा मी पेटीच्या झाकणावर घातला, तुझ्या त्या लाल डबीवर नाही.”

माझ्या जिवात जीव आला. “मग सांगा ना आत तसंच! सांगा, लोकांना कान आहेत. फरक कळतो.”

त्यांनी माझ्या पिशवीत हात घालून लाल रेडिओ बाहेर काढला. माझ्यासारखाच जरा वेळ तळहातावर धरला.

“सहा महिने हा तुझ्या मशीनशेजारी होता ना? पेटीबाहेर?”

“हो.”

“तोच रविवारी पेटीत असायचा. सोमवारी परत बाहेर.”

“हो.”

“रोज ऐकायचीस?”

“रोज.”

“मग काही वाटलं तुला?”

काय सांगणार होते मी? बासऱ्या ऐकल्या, बातम्या ऐकल्या, हातात सुई तशीच धरून दुपारच्या दुपारी ऐकल्या. एकदाही काही वाटलं नव्हतं. मी खूश होते. काल संध्याकाळी मुद्दाम कान लावून बसले तेव्हा कुठे कळलं, आणि तेही वन्संसाठी म्हणून बसले होते. एवढं सगळं माझ्या तोंडावर आलं असावं, कारण त्यांनी पुढे विचारलंच नाही.

“माझ्या घरची माणसं तुम्ही,” त्या म्हणाल्या. रागाने नाही, जरा नवल वाटल्यासारख्या. “तुम्हालाच कळलं नाही, तर मी आत जाऊन कोणाच्या जिवावर सांगू?”

“खोटं सांगा,” मी म्हणाले. मला रडू फुटलं होतं. “एकदाच. काय बिघडतंय?”

त्यांनी माझे डोळे पदराने पुसले, रेडिओ माझ्या पिशवीत नीट ठेवला आणि वर रुमाल झाकला. “जा आता. उन्हाच्या आत घरी पोच,” म्हणाल्या, आणि फाटकातून आत गेल्या. मी बराच वेळ कान देऊन उभी होते. त्यांचं पाऊल शेवटपर्यंत वाजलं नाही.

त्या दिवशी त्यांच्या टेबलावर एकही रेडिओ आला नाही, आणि नंतरही कधी आला नाही. खोलीत आता रिकामी खोकी ठेवतात. वन्सं अजूनही रविवारी येतात, जेवतात, सतरंजीवर आडव्या होतात. ऊन भिंतीवर सरकत राहतं. रेडिओचा विषय कोणी काढत नाही, आणि आता त्या पेन्सिलीला हातही लावत नाहीत. म्हणजे त्यांचा शेवटचा आकडा आमच्या कपाटावर आहे, आमच्या लग्नातल्या आकड्याच्या खाली.

लाल रेडिओ मी पेटीतच ठेवते. ह्यांना ते पटत नाही, बटणं फिरवायला दर वेळी झाकण काढावं लागतं. “बाहेर काय वाईट वाजतो?” ते विचारतात, आणि खरंच विचारतात, त्यांना काही कळत नाही. मला मात्र आता कळतं. दुकानात, शेजारच्या खिडकीत, रस्त्यावर कोणाच्या हातात वाजत असला तरी कळतं. रोज, सगळीकडे. उशिरा आला हा कान मला, आणि आता त्याचं करायचं काय, हे वन्संना विचारायचा धीर होत नाही.