गोमाजीचं वजन आणि पायलीभर पोहे

बोंबलून शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा हाय! खोटं निघालं तर माझी जीभ इथंच झडू दे, मग मला भरवायला तुम्हीच बसा.

कुडपणाच्या वाटेवर एक वाडी हाय, तिथली ही ठकूबाई. तिचा नवरा गोमाजी. वीस वर्षं मुंबईच्या गोदामात खुर्चीवर बसला आणि घरी आला तो दीड माणूस होऊन. शिमग्याला देवाची पालखी नाचवताना पुढच्या दांडीला खांदा द्यायचा मान त्याच्या घराचा, आजोबापासनंचा. पण गेल्या शिमग्याला दुसऱ्याच फेरीत गोमाजीला धाप लागली, पालखी कलली, आणि देवापुढचा नारळ थेट पुजाऱ्याच्या टाळक्यात!

भाऊकीतला सयाजी टपूनच होता. गावकी बसली तसं त्यानं बोलणं काढलं, "दादा अंगानं लय सुटलाय. पुढल्या शिमग्याला दोनशे रत्तल वजनाच्या आत आला तर खांदा त्याचा. नाय तर माझा पोरगा चांगू उभा राहील." गावकीनं माना डोलावल्या. आणि खांदा एकदा दुसऱ्या घरात गेला की परत येत नाय, हे ठकूबाई जाणून होती.

तोलायचं कुठं? तर पोलादपुरात, दत्तारामाच्या भातगिरणीत. गोणी तोलायच्या तराजूत गोमाजी मांडी घालून बसला, समोरच्या पारड्यात लोखंडी वजनं चढली. दोनशे अठरा!

दिवाळीपासनं ठकूबाईनं त्याचा भात तोडला, भाकरी अर्ध्यावर आणली. दर बाजाराच्या दिवशी तोल. दोनशे बारा, दोनशे सहा, दोनशे दोन. गोमाजी हरखला. पण उंबऱ्यावरनं उठायला त्याला भिंत धरावी लागायची.

"अवो, नुसतं हलकं होऊन काय करता?" ठकूबाई म्हणाली. "पालखी उचलायला अंगात रग नको? का देवानंच तुम्हाला उचलायचं?"

मग रोज सकाळी खांद्यावर मुसळ, मुसळाच्या दोन्ही टोकांना दगड बांधलेले, आणि कुडपणाची चढण वर-खाली. घरी आला की शंभर बैठका. पंधरा दिवसांनी तोललं. दोनशे चार.

"बोगस!" गोमाजी पारड्यातनंच ओरडला. "तराजू एकदम बोगस हाय!"

दत्ताराम म्हणाला, "याच तराजूनं सोळा रत्तल उतरवलं, तवा पेढे वाटलेत ना?"

पुढल्या बाजाराला दोनशे पाच. झालं! घरात चौकशी बसली.

"अगो, भाकरीत तूप घालतेस तू."

"तूप? म्हस आटून तीन महिने झाले. तूप काय माझ्या हाडांचं काढू?"

"मग वाढतं कसं?"

"मला काय इचारता? तुमच्या अंगात मी राहते का?"

तोलायच्या आधी गोमाजी थुंकून यायचा, कानातली भिकबाळी काढून ठेवायचा, पारड्यात श्वास कोंडून बसायचा. एकदा तर डोक्याचा गोटा करून आला. काटा ढिम्म! ठकूबाईला वाटायचं, नवरा आणि तराजू दोघांना एकाच गोणीत घालून सावित्री नदीच्या डोहात सोडावं.

पण तिला एक दिसत होतं. दिवाळीत गोमाजीचा करगोटा पोटात रुतायचा, काळा दोरा दिसायचासुदिक नाय. आता तोच करगोटा कमरेवर ठरेना. तिनं एक गाठ मारली, मग दुसरी, मग तिसरी.

होळीच्या आदल्या दिवशी सगळी गावकी गिरणीत जमली. गोमाजी पारड्यात बसला. दोनशे तीन.

सयाजीनं मिशीवर हात फिरवला. "चांगू, ये रे पुढं."

गोमाजी तिरीमिरीत उठला, आणि तीन गाठींचा करगोटा सर्रकन घसरला गुडघ्यावर! त्याच्याबरोबर धोतरही सुटलं. गावकी खो खो हसायला लागली. तशी ठकूबाईची चार महिन्यांची वाफ बाहेर पडली.

"दात काय काढता? दत्तारामभावजी, एक पायली पोहे आणा न् एक पायली तांदूळ. माप एकच घ्या."

एका पारड्यात पोहे, दुसऱ्यात तांदूळ. तांदळाचं पारडं धपकन जमिनीला.

"बघा! माप तेवढंच, पण वजन? यांचं पोट पोह्याचं होतं, आता अंग तांदळाचं झालंय. तराजूला काय कळतंय? हा करगोटा बघा!"

"वहिनी, पण बोलणं दोनशेचं झालं होतं," सयाजी म्हणाला.

"मग तराजूलाच नाचवू दे पालखी!"

म्हातारी मंडळी बाजूला जाऊन कुजबुजली. शेवटी ठरलं. दोघांनी खांद्यावर भाताची एकेक गोण घेऊन गिरणीला फेऱ्या मारायच्या. जो आधी टेकेल त्याचा खांदा गेला.

चांगू तिसऱ्या फेरीला मटकन बसला. गोमाजी चौथी मारतोय, पाचवी मारतोय, एका हातानं गोण, एका हातानं धोतर. नवव्या फेरीला सयाजीच कळवळला, "बस कर रे दादा! गोण माझी हाय, फाटंल!"

शिमग्याला पालखी गोमाजीनंच नाचवली, आणि नारळ जागचा हलला नाय. तरी पुढल्या बाजाराला हा बाबा परत पारड्यात जाऊन बसलाच! ठकूबाईनं कपाळावर हात मारला आणि ती एकटीच घरी निघून आली.

आता जिभेची शपथ घेतली हाय म्हणून एक कबूल करते. धोतर पुरतं सुटलं नव्हतं, न् फेऱ्या मारताना ते गोमाजीनं हातानं धरलंही नव्हतं. ठकूबाईनं ते मागनं घट्ट धरलं होतं, आणि नऊच्या नऊ फेऱ्या ती तशीच त्याच्या मागं धावली.