मधोमध काढलेलं घर

मी पडदा बोलतोय. नाटकाचा नाही, माळीवाड्यातल्या एका फोटो स्टुडिओचा. माझ्यापुढे उभं राहून कितीतरी जोड्यांनी फोटो काढले, पण एका बाईशिवाय मला नीट कुणी पाहिलं नाही.

मी मांजरपाटाचा. ब्याण्णव साली मला सहादेवने रंगवलं. तो घोडेगावकडचा. नगरात दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि भाड्याच्या खोलीत एकटाच राहायचा. बायको मनकर्णा गावी म्हशी सांभाळायची.

"शहर काढ," स्टुडिओचे मालक कानिफनाथ त्याला म्हणाले होते. सहादेवने एसटी स्टँड काढलं, सायकलींची दुकानं, रसवंती, विजेचे खांब. आणि पाटीवर नाव काढावं तसं अगदी मधोमध एक घर, निळ्या दाराचं.

"अरे, मधे गिऱ्हाईक उभं राहणार," कानिफनाथ हसले. "तुझं घर काय त्याच्या पाठीनं बघायचं?"

"ऱ्हाऊ द्या, शेठ. मनकर्णाला दावायचंय. पटलं तर इथं येईल ऱ्हायला."

दिवाळीनंतर ती आली. जोडीच्या फोटोसाठी उभी राहिली आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून मलाच न्याहाळू लागली.

"अवं, उंबरा कुठंय?"

"हितल्या खोल्यांना नसतो."

"मग रस्ता सपला कुठं आन् घर लागलं कुठं, बाईनं वळखायचं कसं?"

ती हसत म्हणाली. सहादेव हसला नाही. संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने बारीक ब्रशने माझ्यावर उंबरा काढला, लाकडाच्या रेषांसकट. वर हळदीकुंकवाची बोटं ओढली. मग तो वाट पाहू लागला. कामावरून परतताना स्टुडिओत डोकावायचा. माझ्या उंबऱ्यापुढे कधी नवरदेवाचे बूट असायचे, कधी रडणारं बाळ. गावाकडून निरोप तोच यायचा, म्हस व्याली की येते.

पुढे पाट्यांवर कॉम्प्युटरने कापलेली अक्षरं आली. सहादेवची कामं आटली. एका दुपारी तो पिशवी घेऊन आला.

"निघालो, शेठ. एक फोटो काढा."

"ये, मधे उभा राहा."

"न्हाई. मी कडंला थांबतो. घर येऊ द्या."

माझ्या घराचा तेवढा एकच फोटो. तो घेऊन सहादेव गावी गेला.

आता स्टुडिओत बर्फाच्या डोंगरांचा छापील पडदा आहे. मी खालच्या बांबूवर गुंडाळलेला, कोपऱ्यात उभा. मनकर्णाने फोटो पाहून काय म्हटलं, ते मला कुणी सांगितलं नाही.

कधी इकडे आलात तर मला उलगडा. आधी आभाळ येईल, मग खांब, मग निळं दार. दार दिसलं की थांबू नका. आणखी एक वेढा सोडा.