जावयाशी बोलण्यापुरतं रग्बी

माझा जावई डॅनियल न्यूझीलंडचा, लेक अक्षताही आता तिकडेच. त्याला मराठी येत नाही आणि माझं इंग्रजी बँकेत सही कुठे करायची ते विचारण्यापुरतं. लग्नानंतर वर्षभर दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही एकमेकांकडे बघून नुसते हसायचो. किती हसणार? गाल दुखायचे. मग अक्षताचे बाबा गेले आणि दहिसरच्या घरात मी एकटी उरले. एका दुपारी मोबाइलवर रग्बी लावलं, कारण डॅनियल दुसऱ्या कशावर बोलतच नाही, असं लेक म्हणाली होती.

सुरुवातीला सगळं डोक्यावरून गेलं. एवढी धिप्पाड माणसं एकमेकांच्या उरावर बसतायत आणि शिट्टीवाला बघतोय! चेंडू घेऊन पळायचं पुढे, पण हाताने फेकायचा मागेच. हे कसलं डोकं? पण मीही मालवणची, हट्टाला पेटले. वही केली. कुठला वर्ल्डकप कोणाचा, किती गुणांनी. सत्याऐंशीचा पहिलाच न्यूझीलंडचा, मग चोवीस वर्षं कोरडी, मग दोन हजार अकराला फ्रान्सवर आठ-सात. साउथ आफ्रिकेचे चार, त्यातला शेवटचा न्यूझीलंडलाच एका गुणाने हरवून. देशांची नावं आणि आकडे, एवढ्यावर जावयाशी बोलता येतं हो. मी नुसतं "ट्वेल्व्ह-इलेव्हन" म्हटलं की तो कपाळावर हात मारून घ्यायचा. आठवड्यातून तेवढंच काय ते बोलणं. बाकीचे दिवस मी आणि कुकर.

जूनपासून डॅनियल दिसेनासा झाला. कधी कामावर, कधी अंगणात, कधी आंघोळीला. किती आंघोळी करतो हा माणूस? मग मी लेकीकडेच प्रश्न द्यायचे आणि ती आत जाऊन उत्तर घेऊन यायची.

गेल्या रविवारी दुपारी मी सुरमई तळत होते, तिकडे संध्याकाळ झालेली. म्हटलं, विचार त्याला, दोन हजार सातला काय झालं होतं. मला माहीतच होतं. क्वार्टर फायनललाच फ्रान्सने त्यांना घरी पाठवलं, वीस-अठरा. त्या दिवशी त्याच्या वडिलांनी टीव्हीवर चादर टाकली ती आठवडाभर काढू दिली नाही, हे डॅनियलनेच मला हातवारे करून सांगितलं होतं. तो किस्सा सांगायला तरी फोनवर येईल, असं मला वाटलं.

अक्षता आत गेली, थोड्या वेळाने आली आणि हसत म्हणाली, "म्हणतो, त्या वर्षी आम्हीच जिंकलो, मॉमला सांग."

तिथलं शेंबडं पोरही हे चुकणार नाही. मी गॅस बंद केला. घाबरले की माझ्या तोंडात गावची भाषा येते.

"अक्षता, तो कधी गेलो गो?"

ती म्हणाली, मे महिन्यात. वेगळं घर घेतलंय त्याने. भांडण नाही, मारहाण नाही, नुसतं संपलं. म्हणजे इतके महिने ही पोर रिकाम्या खोलीत जात होती, तिथे जरा थांबत होती आणि माझ्यासाठी उत्तर घेऊन बाहेर येत होती. मला तिचा राग आला. मग स्वतःचा आला. इतक्या रविवारांत मी तिला स्वतःविषयी एक अक्षर विचारलं नव्हतं.

मला सांगितलं का नाहीस, असं मी म्हटलं, तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा गेल्यापासून तू फक्त त्याच्याशी बोलताना हसायचीस, आई."

मी सुरमईचा तवा बाजूला सरकवला. मग एवढंच विचारलं, "संध्याकाळची जेवतेस काय गो?"

"कधी कधी," ती म्हणाली.