हळदीच्या वाटीतला आवाज

पळसदरीच्या गौराबाईची मी पितळेची वाटी, हळद कालवायची. वाटी कधी बोलते का, म्हणाल. पण माझ्या पोटात एका पोरीचा आवाज बसलाय. तो सांगितल्याशिवाय मला चैन नाही.

गौराबाईला तिच्या लग्नात माझ्यातूनच हळद लागली. पुढं नवरा तापानं गेला आणि गावानं तिला हळदीपासून लांब केलं. गावात कुणाचंही लग्न असो, मला चिंचेनं घासून लख्ख करायचं तिनं. मग आपण मांडवामागं चुलीशी जाऊन बसायचं. माझ्यात बोट बुडवायचं नाही, ही रीत.

तिची धाकटी हर्षला. तेव्हा चौदाची असेल. शेजारच्या हळदीत ठकीआजी, गावची धवलारीण, लग्नाची गाणी म्हणता म्हणता खोकल्यानं अडकली. हर्षलानं पुढची ओळ उचलली. मांडवातल्या बायांनी माना वळवल्या.

"कुनाची गं ही?"

तेव्हापासून पोरगी येडीच झाली. धरणावर, कोंबड्यांवर, माथेरानच्या घोड्यांवर, दिसेल त्यावर कवनं जुळवायची. मला घासता घासता माईकसारखी तोंडाशी धरून म्हणायची. मी घुमायचे.

"वाटी घास गं, तिला गाणी कसली शिकवतेस!" गौराबाई ओरडायची, आणि चूल फुंकायचं विसरून ऐकत बसायची.

मग थोरल्या प्राचीची हळद आली. ठकीआजी म्हणाली, "आज तूच म्हन. माजा घसा गेला." हर्षलानं माईक घेतला. रीतीची दोन गाणी म्हटली, तिसरं आपलं स्वतःचं:

हळद लावा गं, पयला मान आईचा,
चुलीमागं उभी हाय, हात सुका तिचा.

मला उचलून ती चुलीकडं निघाली. गौराबाईनं हात पदरात लपवला. चुलता हिरामण आडवा आला. "बहिणीच्या लग्नात अपशकुन करतेस?" त्यानं माईकची वायर उपटली. त्या ओढाताणीत मी पडले. हळद मातीत गेली.

लग्न लागलं. पण वर्षाच्या आत प्राची माहेरी परत आली, ती कायमची. नवऱ्याचा हात उठायचा. गावाला मात्र ते कवनच आठवलं. गावाचं सोडा हो. एकदा भाकरी थापता थापता गौराबाईच बोलून गेली, "तुज्या तोंडानं झालं गं."

त्यानंतर हर्षला गायली नाही.

तिच्या स्वतःच्या हळदीत डीजे होता. गौराबाई चुलीमागंच. कुणीतरी चेष्टेत नवरीपुढं माईक धरला, "बोल ना काहीतरी!" तिनं चुलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, नको म्हणून मान हलवली. माईक चालू होता.

आता ती खालापुरात नांदते. परवा आली होती. गौराबाईनं मला तिच्या तोंडाशी धरलं. "म्हन की गं एखादं."

"नाय आठवत, आये."

हर्षलानं मला फळीवर पालथी ठेवलं. बायांनो, तेवढं करू नका, मला उताणी ठेवा. तिचा श्वास यायचा तो याच तोंडातून.

गावात यंदा एकही लग्न नाही. तरी गौराबाई मला रोज चिंचेनं घासते.