पाचवा ब्राह्मण

पुढे बबन बोरकर बहरीनच्या एका क्लबकडून पाच हंगाम पगारी बास्केटबॉल खेळला. लखनऊला आलमबागच्या रेल्वे कॉलनीत आजही त्याचं नाव निघालं की लोक छाती फुगवून 'हमारे मोहल्ले का लड़का' म्हणतात. म्हणोत बापडे. म्हणायला काय जातंय? त्याच्या परदेशी जाण्याच्या परवानगीवर सही कशी झाली, हे मोहल्ल्याने पाहिलेलं नाही. बबनने पाहिलं, आणि त्याची त्याला बसलेली शिसारी काही केल्या गेली नाही.

बबनचे वडील दयाराम मूळचे नागपूरकडचे. छप्पन साली वीस वर्षांचे असताना दीक्षाभूमीवर लाखोंच्या गर्दीत उभं राहून त्यांनी धम्म घेतला. नवस, सत्यनारायण, श्राद्धपक्ष, सगळं तिथेच सोडलं. मग रेल्वेत कारकुनी लागली, बदली झाली आणि कुटुंब लखनऊला आलं. क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आतल्या खोलीत आई गयाबाईंची भाकरी. पोरगं तेवढं मराठी ऐकायचं आणि उत्तर हिंदीत द्यायचं.

आठवीत असतानाच बबन बापाच्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागला होता. शाळेच्या बास्केटबॉलच्या टीमचे मास्तर होते मधुसूदन सिंग, जातीचे ठाकूर. पिळदार मिशा, गळ्यात शिटी, आणि माणूस दिसला की आधी त्याचं आडनाव चघळायची सवय. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पूरा नाम?"

"बबन दयाराम बोरकर."

मास्तर जरा अडखळले. त्या मुलखात आडनाव सांगितलं की माणसाची सात पिढ्यांची झडती होते. हे मराठी आडनाव मात्र त्यांना कुठल्याच खणात बसवता येईना. मग त्यांनी स्वतःच बसवून टाकलं. "अच्छा, 'कर' वाले! महाराष्ट्र के ब्राह्मण. वाह, पंडितजी!"

बबन हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही. हातात नवाकोरा चेंडू होता, तो त्याने दोनदा आपटला. तेवढ्यावर तो पंडितजी झाला.

आणि पंडितजी झाल्यावर सगळं सोपं झालं, तीच तर घाण. जिल्ह्याची टीम, मग स्पोर्ट्स हॉस्टेल, मग राज्याची टीम. खेळ त्याच्या अंगात होता, यात वाद नाही. पण खेळ रामदासच्याही अंगात होता. रामदास शहराबाहेर चिनहटच्या बाजूचा, चर्मकाराचा मुलगा. लांबून टाकलेला त्याचा चेंडू जाळीत पडताना कड्यालाही शिवायचा नाही. मास्तर त्याला 'कलाकार' म्हणायचे आणि त्याची तहान भागवायला वरून धार धरायचे. तो ओंजळीने प्यायचा. ग्लास बबनला. शिवाय गयाबाईंच्या डब्यातली पुरणपोळी मास्तर बोटं चाटत खायचे. "पंडिताइन के हाथ में अन्नपूर्णा है!" बबन मूग गिळून बसायचा. रामदास एकदा क्वार्टरवर आला होता, भिंतीवरचा फोटो त्याने नीट पाहिला होता. पण मैदानावर त्याने ते कधी कुणाला सांगितलं नाही. त्र्याऐंशी साली त्याला टीममधून काढलं, 'शिस्त नाही' म्हणून. तो एका कारखान्यात लागला. बबन तेव्हाही गप्प होता.

त्याच वर्षी दिल्लीतल्या एका स्पर्धेत बहरीनच्या क्लबच्या माणसाने बबनला हेरलं. करार तयार झाला. अडसर एकच, अवध बास्केटबॉल मंडळाची 'हरकत नाही' अशी सही. आणि मंडळाचे सचिव कोण? मधुसूदन सिंगच. मोठ्या झाडाला बांडगूळ वाढावं तसे तेही बबनच्या जोडीने वर चढले होते. दोन महिने आज या, उद्या या. क्लबवाल्यांनी कळवलं, महिनाअखेर आला नाहीस तर दुसरा बघू. चोवीस वर्षांच्या खेळाडूला असा दुसरा दरवाजा उघडत नसतो.

मग पितृपक्ष लागला. त्या पंधरवड्यात ब्राह्मणांना कावळ्यांइतकाच भाव येतो, आणि दोघेही वेळेवर सापडत नाहीत. मधुसूदन सिंगांच्या वडिलांचं श्राद्ध होतं, पाच ब्राह्मण हवे होते, चारच जमले.

"पंडितजी, परसों हमारे यहाँ भोजन कर लीजिए," ते म्हणाले. "बाबूजी तृप्त होंगे. और वो आपका काग़ज़ भी उसी दिन कर देंगे."

बबनला हसू आलं, आणि तो हो म्हणाला. घरी त्याने आईला सांगितलं, "प्रैक्टिस है." ज्या बापाने वीस वर्षांचा असताना पिंडदान सोडलं, त्याचा मुलगा ठाकुरांच्या पितरांना तृप्त करायला निघाला.

अंगणात पाच पाट मांडलेले. चार जाडजूड पंडित आधीच बसलेले, पाचवा बबन, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. ओसरीवर काका-मामा, दारात मधुसूदन सिंगांची म्हातारी आई हात जोडून. पाय धुण्याचा कार्यक्रम सुरू झाला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे अडलेला कोण आणि गाढव कोण, देव जाणे. मधुसूदन सिंग परात सरकवत सरकवत पाचव्या पाटापाशी आले. बबनचे अकरा नंबरचे बूट घालणारे पाय त्यांनी दोन्ही हातांनी परातीत घेतले आणि अंगठे चोळायला लागले. बबनच्या अंगावर काटा आला, कुणी तरी पायावरून जीभ फिरवावी तसा.

"एक बात बताऊँ?" ते खालच्या आवाजात, खुशीत म्हणाले. "उस रामदास को निकाला, तब जाके टीम साफ़ हुई."

इतकी वर्षं जे दाबून ठेवलं होतं ते त्या 'साफ़' शब्दाने सुटलं. बबन वाकला. "सर, मैं पंडित नहीं हूँ. जैसा रामदास, वैसा ही मैं. महार घर का, बौद्ध."

परातीतले हात थांबले. मधुसूदन सिंगांनी बबनकडे पाहिलं नाही. त्यांनी आधी ओसरीकडे पाहिलं, मग चार पंडितांकडे, मग आईकडे. कुणीही ऐकलं नव्हतं. आता परात उलटेल, आरडाओरडा होईल, करार जाईल. जाऊ दे, असंच त्याला त्या क्षणी वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याला हलकं वाटलं.

पण काहीच झालं नाही. "चुप," मधुसूदन सिंग दातांतून म्हणाले. "पैर मत हिला." आणि ते पुन्हा पाय चोळू लागले. इतर चौघांचे धुतले त्याहून जास्त निगुतीने, कारण आता बिरादरीला संशय येऊन चालणार नव्हतं. नव्या पंचाने त्यांनी एकेक बोट पुसलं, ते पाणी डोळ्यांना लावलं. मग मान खाली घालूनच पुटपुटले, "चुपचाप खा, और जा. एक लफ़्ज़ निकला तो काग़ज़ गया समझ."

पत्रावळ पुढे आली. पुरी, कद्दूची भाजी, उडदाचे वडे, द्रोणात खीर. म्हातारी स्वतः वाढत होती. "और लीजिए, पंडितजी."

जेवणं झाल्यावर मागच्या खोलीत सही झाली. कागद बबनच्या हातात न देता मधुसूदन सिंगांनी टेबलावर टाकला आणि हात धोतराला पुसले. "उधर ही रहना," ते म्हणाले. "लौटना मत."

सही खेळासाठी मिळाली नव्हती. घाण लांब जावी म्हणून मिळाली होती.

घरी गयाबाईंनी ताट वाढलं. "आई, पेट भरा है," बबन म्हणाला. कुठे भरलं, असं दयारामांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. सांगताना त्याचा आवाज चढत गेला. शेवटी तो बोलला होता ना! परातीत पाय असताना, सगळा करार पणाला लावून बोलला होता.

दयारामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बोललास ते चांगलं केलंस," ते म्हणाले. "दहा वर्षं उशिरा, पण बोललास."

बबनने मान वर केली.

"आणि मग? उठलास ना पाटावरून?"

बबनने पुढचं ताट सरकवलं.

"जेवलास?"

"हाँ, बाबा."

"खीर होती?"

"थी."

दयारामांनी वर्तमानपत्राची घडी घातली. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बबनला चाललं असतं. "माझी आई पाटलाच्या वाड्यामागे उष्टं मागायला उभी राहायची," ते म्हणाले. "तिच्या पोटात भूक होती, बबन. तुला कसली होती?"

ते उठून आत गेले. गयाबाईंनी ताट झाकून ठेवलं.

बबन मागच्या मोरीत गेला, ओणवा झाला आणि त्याने घशात बोटं घातली. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं. आतडी पिळवटली, तरी त्याने पुन्हा बोटं घातली. पण बाहेर काही पडलं नाही. खीर केव्हाच पचली होती.