नितळ पाण्यातले मासे

वैजयंती आजारी होती त्या पाच महिन्यांत घरातल्या माशांच्या टाकीला कुणी हात लावला नाही. काचेवर शेवाळ चढले, पाणी गढूळ झाले, आणि सातही मासे जगले. ती गेल्यावर टाकी धुतली, नवा फिल्टर बसवला, पाणी नितळ झाले, आणि मासे मरू लागले.

चौथा मासा जोतिरामने चहाच्या जुन्या गाळणीने उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. कल्ल्यांच्या कडा लालभडक होत्या. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो केमिस्ट होता. कुठलीही वस्तू आधी उजेडात धरायची, ही त्याच्या हाताची सवय होती.

"ग्येला व्हय ह्यो बी?" दारातून त्याच्या आईने, बजाबाईने विचारले. सुनेच्या आजारपणात ती सांगोल्याहून आली होती, आणि आता तिच्या परत जाण्याचा विषय कुणी काढत नव्हते.

"गेला."

"मुक्या जिवाला कळतंय की रं. खायाला घालनारी ग्येली, आता ह्ये बी वैजूच्या मागनं निघाल्यात."

"आई, माशाला एवढं कळत असतं तर तो जाळ्यात कशाला सापडला असता?"

"तुला काय, बाटलीत घालून हलवल्याबिगर काईच खरं वाटत न्हाय. लग्नात अक्षता बी तपासून घितल्या असत्यास."

एरवी तो हसला असता. पण आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर संस्कृती उभी होती. दहा वर्षांच्या या मुलीवर वैजयंतीने दवाखान्यातून एकच काम सोपवले होते: माशांना दोन वेळा चिमूटभर दाणे घालायचे.

"पप्पा, मी खायला जास्त टाकलं का?"

"किती टाकायचीस?"

"आई टाकायची तेवढंच. पण आई गेली त्या दिवशी दोनदा टाकलं असेल. घरात सगळे रडत होते, आणि मला आठवेना, टाकलंय की नाही."

"तेवढ्यानं नाही मरत."

"मग कशानं मरतात?"

ते त्याला माहीत नव्हते. मुलगी त्याचीच होती. कारणाशिवाय दिलेले उत्तर तिला पटले नाही. ती टाकीजवळ येईनाशी झाली. ताटातली भाकरी कुस्करून तशीच ठेवू लागली. तिच्याकडून दाणे घालायचे काम आज्जीने घेतले, तेही तिने देऊन टाकले.

चार दिवसांनी जोतिरामने टाकीतले पाणी नमुन्याच्या बाटलीत भरून कारखान्यात नेले. पाण्याला वास नव्हता, रंग नव्हता. त्यात अमोनिया मात्र इतका होता की त्याने चाचणी पुन्हा केली. आकडा तोच आला.

सांडपाण्याच्या हौदांवर काम करणारा चन्नप्पा नमुने घेऊन आला होता. तो टेबलाशी वाकला.

"कुटलं पाणी म्हनायचं साहेब? लई साफ दिसतंय की."

"घरचं. माशांच्या टाकीतलं."

"मग आमच्या हौदातला डबाभर गाळ न्या की. आमची पोरं फुकट राबत्यात, आन रजा बी मागत न्हाईत."

पोरे म्हणजे जिवाणू. हवा सोडलेल्या हौदातल्या तपकिरी गाळात ते राहत आणि पाण्यातला अमोनिया खात. याच हौदात कुणीतरी जिवाणू मारणाऱ्या ब्लीचिंग पावडरची बादली विसळली म्हणून जोतिरामने एकदा कंत्राटदाराला सगळ्यांदेखत धारेवर धरले होते. तो आकडा पाहत बसून राहिला. चन्नप्पाला वाटले, आपली थट्टा साहेबांना लागली, आणि तो निघून गेला.

घरच्या टाकीत ते जिवाणू फिल्टरच्या स्पंजात असायला हवे होते. वैजयंतीला हे ठाऊक होते. दवाखान्यात, बोलताना धाप लागायची तेव्हासुद्धा तिने सांगितले होते, "फिल्टर आवाज करतोय, बदला आता. पण जुना स्पंज नव्यात घाला. टाकीच्याच पाण्यात पिळा, नळाखाली नको. घाण दिसती, पण ती घाण नसती."

त्याने तसेच केले होते. दहाव्याच्या सकाळी जुना फिल्टर काढला, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळून त्याच पाण्यात पातेल्यात बुडवून ठेवला, आणि माणसे बोलवायला आली म्हणून तो विधीला निघून गेला.

चाचणी केली त्या संध्याकाळी कारखान्यातून घरी येऊन त्याने चप्पल काढायच्या आधी विचारले, "आई, दहाव्याला मी पातेल्यात एक काळा स्पंज ठेवला होता."

"व्हय की. निस्ता बुळबुळीत. धुतला म्या."

"कशानं?"

"नळाच्या पाण्यानं. त्या दिशी पाणी आलं हुतं न्हवं? भरून ठिवल्यालं समदं सुतकाचं, ते मोरीत वतलं. ताज्या पाण्यानं घर धुतलं, भांडी धुतली, हातरुनं धुतली. त्यो बी नळाखाली धरून चोळला, गच्चीवर उन्हात वाळवला, आन परत तुज्या पातेल्यात ठिवला. वैजूची वस्तू, घाण कशी ठिवू?"

त्या दिवशी पातेल्यातून तो स्पंज जोतिरामने स्वतःच उचलला होता. सकाळी काळा आणि ओला ठेवलेला स्पंज निळा आणि कोरडा झाला होता. त्याने तो पाहिला होता, आणि नव्या फिल्टरमध्ये घातला होता. डोके नुकतेच भादरले होते. पाहिलेल्या गोष्टीतून काही कळण्याचा तो दिवस नव्हता.

निकाल कुणाला सोयीचा पडेल ते बघून त्याने आजवर एकही निकाल दिला नव्हता. तरी तो बराच वेळ टाकीपुढे थांबला. सांगितले तर मुलगी सुटत होती आणि म्हातारी अडकत होती. मग त्याने संस्कृतीला हाक मारली, दोघींना समोर बसवले, आणि स्पंजात कोण राहत होते ते सांगितले.

"मंजी म्या धुतला म्हनून?" बजाबाईने विचारले.

"तू धुतलास, आणि मी तसाच बसवला."

बजाबाईने पदर खांद्यावर ओढून घेतला आणि ती नातीकडे वळली. "आयकलंस न्हवं? तुज्या दान्यानं कायबी झालं न्हाय. तुजी आज्जी लई सोवळी, तिचं काम ह्ये. आता जेव."

"आज्जीला माहीत नव्हतं," संस्कृती म्हणाली. मग टाकीकडे वळून तिने विचारले, "मग मासे आईच्या मागं नाही गेले?"

"नाही."

"म्हणजे आई एकटीच गेली."

बजाबाईने जोतिरामकडे पाहिले. तो उठला आणि क्लोरीन उडून जावा म्हणून दोन दिवस उघड्यावर ठेवलेल्या पिंपातले पाणी तांब्याने हळूहळू टाकीत सोडू लागला. राहिलेले तीन मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडत होते. ते जगतील की नाही, हे सांगता येत नव्हते.

चार मेले त्याचे कारण सांगता येत होते. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने आणि गच्चीवरच्या उन्हाने स्पंजातले जिवाणू मेले. माशांच्या अंगातून निघणारा अमोनिया खाणारे कुणी उरले नाही. तो नितळ पाण्यात साठत गेला, आणि त्याने मासे मेले.